मूर्तिजापूर सुटल्यावर

अमरावतीहून अकोल्याला येताना बसमध्ये एक गृहस्थ रोज शेजारी बसायचे. मूर्तिजापूर सुटलं की मोबाइलकडे बघत राहायचे. एकदा मी विचारलंच.

"या गाडीचा मेसेज पाठवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम मीच लिहिला," ते म्हणाले. "मूर्तिजापूर सुटलं का नाव नोंदवलेल्या सगळ्यांले आपोआप 'गाडी येऊन राह्यली' असा मेसेज जाते. वाचणारं कोण हाय, याच्याशी प्रोग्रामले घेणंदेणं नाही."

"मग तुम्ही कशाची वाट बघता?"

"मेसेज भेटला का माही पोरगी 'निघाली' म्हणून कळवे, अन् स्कूटी घेऊन मले घ्याले स्टँडवर येत जाय. आता नोकरीले बंगलोरले गेली. तिनं यादीतून नाव काढून टाकलं. बराबरच हाय म्हणा."

अकोल्याला ते सगळ्यात शेवटी उतरले आणि उभ्या असलेल्या प्रत्येक स्कूटीकडे बघत चालू लागले. मला घ्यायला कधीच कोणी येत नसे. तरी त्या संध्याकाळी मीही बघितलं.