अत्तार सरांचे नवे टायर

"गाडी विकायची आहे. कोणी घेणारा असेल तर बघा," अत्तार सर म्हणाले.

रिक्षातून आले होते. उजव्या मनगटाला प्लास्टर. गाडी आमच्याच दुकानात मागच्या बाजूला उभी होती. पडल्यावर हँडल वाकलं, ते सरळ करायला आणलेली.

मी म्हटलं, "सर, हँडल झालंय. गाडी एकदम चालू आहे."

"गाडी चालू आहे हो, कदम. मी बंद पडलोय."

सिंहगड रोडला, धायरी फाट्याच्या अलीकडे, दुचाकीच्या टायरचं आमचं दुकान. आमचं म्हणजे मालकांचं. मी काउंटर बघतो आणि गर्दी असली की टायरही बसवतो. बोलणं मला जमत नाही. मालकांना ते सोयीचं वाटतं.

अत्तार सर महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. घराणं मूळचं कसबा पेठेतलं. तिथं त्यांच्या थोरल्या भावाचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे. रिटायर झाल्यावर सर धायरीत फ्लॅट घेऊन राहायला आले, पण रोज सकाळी आपली शंभर सीसीची गाडी काढून कसब्यात जायचे. भावाला आता फारसं चालवत नाही. सर दुपारपर्यंत त्याच्यापाशी बसायचे, वाद घालायचे आणि जेवायला घरी यायचे. गाडी विकायची म्हणजे हे सगळं बंद.

पडण्याची हकीकत अशी. सरांच्या गाडीचे दोन्ही टायर संपले होते. नक्षी गुळगुळीत, कडेला रबराला चिरा. त्यांचा मुलगा समीर थायलंडला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात आहे. तिकडे तो मोटरसायकलवरूनच कामावर जातो आणि तिकडे पाऊस फार. म्हणून टायर त्यानं निवडायचे, असं घरी ठरलेलं. सरांनी काउंटरवर व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला.

"कदमकाका, हार्ड कंपाउंड देऊ नका," समीर म्हणाला. "अब्बांची गाडी पळते कितीशी?"

बरोबर बोलत होता. कडक रबराचा टायर जास्त दिवस टिकतो, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी. मऊ रबर लवकर झिजतं, पण धरून चालतं. रोज थोडंसं फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मऊच द्यावं.

"साइझ कंपनीची आहे तीच ठेवा. दिसायला छान म्हणून जाड नको. आणि तारीख दाखवा."

टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. त्यावरून टायर ताजा की गोडाउनमध्ये पडून राहिलेला, ते कळतं. मी आकडे कॅमेऱ्यासमोर धरले. तो खूश झाला. टायर बसले, हवा भरली, सर गाडी घेऊन गेले.

एक गोष्ट मी सांगितली नाही. नवा टायर घसरतो. साच्यातून सुटून यावा म्हणून लावलेला पदार्थ त्याच्यावर थोडा राहतो, आणि वरचं रबरही गुळगुळीत असतं. रस्त्यावर घासून ते खरखरीत होईपर्यंत, शंभरेक किलोमीटर, गाडी हळू चालवायची. वळणावर झुकवायची नाही, ब्रेक एकदम दाबायचा नाही. हे टायर बसवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पूर्वी मी सांगायचो. सांगितलं की लोक विचारायचे, "मग असला टायर देता कशाला?" मग समजावत बसायचं, मागे रांग लागायची. हळूहळू मी सांगायचं सोडलं. विसरलो असं म्हणता येणार नाही.

सर त्याच दिवशी पडले. घराजवळच्या वळणावर पाण्याच्या टँकरनं रस्ता ओला केला होता. वेग काहीच नव्हता. गाडी आडवी झाली, मनगट मोडलं.

संध्याकाळी समीरचा दुकानाच्या नंबरवर फोन आला. "काका, नवीन टायर घसरतो हे अब्बांना सांगितलं होतं ना?"

मालक समोर बसून हिशेब करत होते. त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. त्यांच्यावर ढकलायला मला काही जागा नाही.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्याला आता तीन आठवडे होऊन गेले होते, आणि सर गाडी विकायला काउंटरवर उभे होते.

"समीर म्हणतो तुम्ही बजावून सांगितलं होतं. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही," सर म्हणाले. "पडण्याचं काही नाही हो. माणूस पडतो. पण सांगितलेलं पुसूनच गेलं, म्हणजे आणखी काय काय गेलं असेल? परवा हिनं विचारलं, गॅस बंद केला का? मी उठून बघून आलो. बंदच होता. पूर्वी मी उठलो नसतो. समीर म्हणतो गाडी विका आणि डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. गुरुवारी जायचंय."

मी म्हटलं, "पाणी घेणार?"

"नको."

गाडी बघून येतो म्हणून मी मागे गेलो. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून आलेले. चालवलं की झडतात. सरांच्या मागच्या टायरवर ते जसेच्या तसे होते. टायर रस्त्याला नीट लागलासुद्धा नव्हता. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. बाहेरून मालकांची हाक आली. मी परत काउंटरवर आलो.

"सर, मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं."

"काय?"

मालक म्हणाले, "कदम, आत जरा कंप्रेसर बघा."

"कंप्रेसर ठीक आहे," मी म्हटलं. "सर, टायर घसरतो हे मी बोललोच नव्हतो. समीरनं विचारलं तेव्हा खोटं सांगितलं."

सर स्टुलावर बसले. "पुन्हा म्हणा."

वर्गात उभं केल्यासारखं मी पुन्हा म्हटलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही सर."

"तीन आठवडे मी गॅस तपासतोय, कदम."

मी खाली बघत राहिलो. सरांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "मघाशी पाणी विचारत होतात. आणा आता."

पाणी पिऊन त्यांनी समीरला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर ठेवला. मी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं.

"काका," समीर म्हणाला, "मी अब्बांना या दिवसांत काय काय बोललोय, माहितीये तुम्हाला? लहान मुलाला बोलावं तसं बोललोय."

मी फोन सरांकडे सरकवला.

"अब्बा?"

"ऐकतोय."

"गाडी विकू नका."

"सकाळपर्यंत विका म्हणत होतास. एकदा काय ते ठरव," सर म्हणाले आणि फोन बंद केला. मग चष्मा काढून रुमालानं पुसत बसले. काच स्वच्छच होती.

ते गेल्यावर मालक म्हणाले, "एवढं सगळं सांगायची काय गरज होती? त्यांनी केस केली असती तर?"

"केली असती तर केली असती."

"वा! दुकान तुमचंच आहे ना."

त्यांनी मला महिनाभर काउंटरवरून काढून टायर बसवायला लावलं. रागावणं बरोबरच होतं. खोटं मी बोललो, नाव दुकानाचं गेलं असतं. सरांनी केस केली नाही. गुरुवारी डॉक्टरकडे मात्र जाऊन आले. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

प्लास्टर निघाल्यावर आणि हाताचे व्यायाम संपल्यावर सर गाडी न्यायला आले. बरोबर मॅडम, सरांच्या पत्नी, होत्या. माझ्याकडे त्या बघत नव्हत्या.

"आता सांगा," सर म्हणाले. "हिच्यासमोर."

मी सांगितलं. शंभरेक किलोमीटर हळू. वळणावर झुकवू नका. ब्रेक दोन्ही मिळून, हलके. पाणी, वाळू दिसली की आधीच वेग कमी करा.

"लिहून द्या," मॅडम पहिल्यांदाच बोलल्या.

"लिहून कशाला?" सर गाडीवर बसत म्हणाले. "माझ्या लक्षात राहतं."

कसब्याच्या दिशेनं गेले. हळू गेले. मला माफ केलं असं काही म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

दुकानात नवीन माणूस लागला की मी त्याला टायरबद्दल पुष्कळ सांगतो. शेवटी एवढंच सांगतो, की काही सांगायचं राहिलं असेल तर राहिलं म्हणा. गिऱ्हाईक फार तर भांडेल.