तांब्यासारखा ट्रॅक्टर

गुरुत्वाकर्षण सगळ्या मानवजातीला सारखेच लागू आहे, असे शास्त्र सांगते. पण ते मनाला लावून घेतलेले गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते म्हणजे माझे साडू. जगातली प्रत्येक वस्तू संधी मिळताच उलटणार, आणि शक्यतो आपल्याच अंगावर उलटणार, हे त्यांचे तत्त्वज्ञान. त्याचा उगम कुठल्या ग्रंथात असावा याचा मी बरीच वर्षे विचार करत होतो. शेवटी ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, खुलासा केला की लग्नात त्यांचा पाट डगमगत होता, तेव्हापासून हे असे आहेत.

पाटबंधारे खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले. इतरांच्या खिशाला पेन असते तिथे यांच्या खिशाला वीतभर पाणसळ असते. गवंडी फरशी बघायला वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. आमच्या सिडकोतल्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा येण्याआधी त्यांनी ती टीपॉयवर ठेवली, चष्मा कपाळावर नेला आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात त्या आवाजात म्हणाले, "तुमचा मजला पूर्वेकडे झुकलाय." मी म्हटले, बरे झाले, सकाळचे ऊन येते. त्यांना विनोद कळला नाही, किंवा कळूनही त्यांनी तो डगमगता म्हणून नापास केला. लग्नाच्या जेवणावळीत प्लास्टिकच्या खुर्चीचे चारही पाय दाबून पाहिल्याशिवाय ते बसत नाहीत. तोपर्यंत जिलेबी संपते. कन्नडच्या घाटात एसटी वळणावर आली की ते डोंगराच्या बाजूच्या बाकावर सरकतात. एकदा तर दरीच्या बाजूला बसलेल्या एका वजनदार गृहस्थांना त्यांनी हात जोडून जागा बदलायला लावली होती. ते गृहस्थ तुळजापूरला नवस फेडायला निघाले होते. त्यांना वाटले, देवीनेच काही सुचवले असावे. ते निमूट उठले.

असल्या माणसाच्या वाट्याला वडिलोपार्जित जमीन आली ती कन्नडच्या अलीकडची, डोंगराच्या उतारावरची. सपाट रान भावांकडे गेले. साडूंनी तक्रार केली नाही. उतारावर केशर आंबा आणि सीताफळ लावले आणि झाडे सरळ वाढतात की नाही हे पाहत राहिले. अडचण झाडांची नव्हती, गवताची होती. पावसाळ्यात दोन ओळींच्या मध्ये ते कंबरेएवढे होते आणि माघात वाळून कोरडेठाक होते. वरच्या अंगाला रस्ता आहे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे बिडी आहे. तीन वर्षांपूर्वी अशीच एक बिडी पडली आणि वरच्या दोन ओळी तासाभरात जळाल्या. साडू त्या दिवशी शहरात होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा काळ्या खोडांवर ते एकेक करून हात ठेवत होते, आणि पाणसळ खिशातच होती. गवत दिवाळीच्या आत कापलेच पाहिजे, असे त्यांनी तेव्हा ठरवले. पण दिवाळीच्या सुमाराला गावातली सगळी माणसे कापूस वेचायला गेलेली असतात. उरला ट्रॅक्टर.

ट्रॅक्टरचे नाव काढताच ताईंनी हातातले निवडणे बाजूला ठेवले. त्यांच्या मामांचा ट्रॅक्टर बांधावरून उलटला होता. मामा वाचले, पण त्यांचा डावा हात पुढे कायम खांद्यापासून पाहुण्यासारखा राहिला. "बाग जळू द्या," ताई म्हणाल्या, "मला तुम्ही सरळ पाहिजेत." सरळ या शब्दाने साडूंना धीर आला असावा. त्यांनी वचन दिले की जिल्ह्यातला सगळ्यात न उलटणारा ट्रॅक्टर आणीन.

तो शोधायला त्यांना दोन वर्षे लागली. जालना रोडवरच्या प्रत्येक शोरूममध्ये मी त्यांच्याबरोबर गेलो आहे. विक्रेते हॉर्सपॉवर सांगत, हे टेप काढून दोन चाकांमधले अंतर मोजत. एका टाय लावलेल्या मुलाला त्यांनी विचारले, "किती अंशाला उलटतो?"

"सर, आपला मॉडेल उलटतच नाही."

"म्हणजे तुम्ही उलटवून पाहिलाय?"

"नाही सर."

"मग तो उलटत नाही असं नाही. त्याला अजून कुणी विचारलेलं नाही."

त्या मुलाने आतून मॅनेजरना बोलावले. मॅनेजरनी द्राक्षबागेत चालणारा अरुंद, उंच, देखणा ट्रॅक्टर पुढे केला. साडूंनी त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला आणि कोपऱ्यातला पितळी तांब्या मागून घेतला, दोन्ही शेजारी ठेवले आणि बोटाने एकेक टिचकी मारली. पेला मॅनेजरच्या पावतीपुस्तकावर आडवा झाला. तांब्या नुसता हलला आणि पुन्हा बसला. "मला तांब्या दाखवा," साडू म्हणाले. त्यानंतर त्या शोरूममध्ये आम्हाला चहा मिळाला नाही.

अखेर तांब्या सापडला. छोटा, बुटका, चेहऱ्याने सामान्य ट्रॅक्टर. पाठीमागे लोखंडी कमान आणि कमरेला पट्टा, म्हणजे उलटलाच तर माणूस कमानीच्या आत राहील. दसऱ्याच्या आधी साडूंनी त्याची चाके उलटी बसवून घेतली, त्यामुळे दोन्ही बाजूंना वीतभर रुंदी वाढली. गवत कापायचे यंत्र मागे लागते, त्याच्या भाराने ट्रॅक्टरने तोंड उचलू नये म्हणून पुढे लोखंडी वजने टाकली. मग मागच्या टायरांत पाणी. पाणी सगळेच भरतात. पण दोन्ही टायरांत सारखे, मापाने भरणारे हे पहिलेच. पंक्चरच्या दुकानातले चाचा तासभर माप ओतून थकले आणि म्हणाले, "साहब, टायर में पानी भरना है के बच्चे को दवा पिलाना है?"

"एका बाजूला जास्त नको, चाचा."

"नक्को तो नक्को. ये आधा गिलास बचा, इसका क्या करूं?"

तो अर्धा पेला एका टायरात घातला तर दुसऱ्यावर अन्याय होईल, म्हणून साडूंनी तो स्वतः प्यायला.

इथपर्यंत सगळे शास्त्राप्रमाणे झाले. मग दसरा आला, आणि त्याच्याबरोबर पैठणहून ताईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आम्हा दोघा साडूंचे मेहुणे. बहिणीच्या घरी नवे वाहन आले की भावाने त्याला आहेर करायचा, ही त्या घराची रीत. स्कूटर घेतली तेव्हा त्यांनी सीटकव्हर दिले होते. या वेळी त्यांनी टेम्पोतून हूड आणले. ट्रॅक्टरवर लावायचे छत म्हणजे मी पत्र्याचे काहीतरी समजत होतो. हे छत जाड लोखंडाचे होते, पैठणच्या कारखान्यात खास करवून घेतलेले. चारी बाजूंना मोरपिशी झालर, भाच्यांची नावे, दोन आरसे आणि वर दोन मोठे स्पीकर. चार गड्यांनी ते उतरवताना तोंडे वेडीवाकडी केली. दोन वर्षे ज्या माणसाने वजन खाली, खाली, अजून खाली नेले, त्याच्या डोक्यावर मेहुण्यांनी देवळाचा कळस आणून ठेवला.

"दाजी, लई भारी दिसतंय का नाय?" मेहुणे म्हणाले.

शोरूमच्या मॅनेजरना निरुत्तर करणाऱ्या माझ्या साडूंनी मान डोलावली. सासरचा आहेर परत करता येत नाही. झाडाला नाव ठेवावे, सरकारला ठेवावे, पण मेहुण्याने छातीशी धरून आणलेल्या वस्तूला नाही. त्यांनी फक्त पाणसळ काढून हूडवर ठेवली. बुडबुडा मधोमध होता. त्याचेच त्यांना जास्त वाईट वाटले.

गवत कापायचा मुहूर्त चार दिवसांनी होता. मेहुणे मुद्दाम थांबले होते. त्यांनी साडूंना फेटा बांधला, नारळ फोडला, मोबाइल काढला आणि स्पीकरवर सनई लावली. साडू दव वाळेपर्यंत अडून बसले. ओल्या गवतावर चाक घसरते. मग कमरेचा पट्टा आवळून ते वर बसले. त्यांची पद्धत अशी, की उताराला आडवे कधी जायचे नाही. सरळ रेषेत मागे मागे चढायचे आणि कापत कापत पुढे उतरायचे. ताई बांधावर उभ्या होत्या, पदर दातात धरून. मी त्यांच्या शेजारी होतो, कारण मला त्यासाठीच शहरातून बोलावले होते. मी नेमके काय करायचे हे कुणी सांगितले नव्हते.

पहिली ओळ अर्धी चढून झाली असेल. गवतात एक दगड होता, तो डाव्या मागच्या चाकाखाली आला. चाक चढले. एरवी ट्रॅक्टर नुसता हलला असता आणि तांब्यासारखा बसला असता. पण वरचे हूड झुकले, चारी झालरी एका बाजूला लोंबल्या, आणि पुढचे डावे चाक चांगले वीतभर जमिनीवरून उचलले गेले. तिथेच ते थांबले. साडूंनी क्लच-ब्रेक दाबून इंजिन बंद केले होते, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. सनई चालूच होती.

"बाबू," ताई ओरडल्या नाहीत, साध्या आवाजात म्हणाल्या, "ते गाणं बंद कर."

मेहुण्यांनी बंद केले. त्या शांततेत मला टायरातले पाणी ऐकू आले. डुबुक, डुबुक. साडूंनी इंचाइंचाने ब्रेक सोडला. ट्रॅक्टर दगडावरून पुढे उतरला, उचललेले चाक जमिनीला टेकले, हूडने एक मोठा हेलकावा खाल्ला आणि सगळे सरळ झाले. साडू तसेच सरळ रेषेत खाली सपाटीवर आले.

"बाबू, ते छप्पर उतरव," ताई म्हणाल्या.

"आक्का, आहेर हाय माझा."

"मला केलास ना? मग ठेवायचा कुठं ते मी सांगते. उतरव."

मेहुण्यांनी स्वतः नटबोल्ट काढले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि ते मला हळूच म्हणाले, "धाकले दाजी, आमच्या हातून काय झालं असतं व्हय हे?" मी स्वतः अजून बांधाला धरून होतो. साडू फेटा काढून जमिनीवर बसले. त्यांनी सवयीने पाणसळ काढून तळहातावर ठेवली. बुडबुडा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळत होता, थांबेना. ताईंनी पाणसळ उचलली आणि त्याच हातात चहाची बशी दिली. निम्मा चहा सांडला. आयुष्यात पहिल्यांदा साडू सांडलेल्या वस्तूकडे पाहून हसले. मग आम्ही सगळेच हसत सुटलो, अगदी कारण नसताना, पोटभर. दुपारपर्यंत त्यांनी चार ओळी कापल्या, हूडाशिवाय, आणि ट्रॅक्टर एकदाही कुरकुरला नाही.

गेल्या माघात रस्त्यावरून पुन्हा आग आली. कापलेल्या पट्ट्यापर्यंत आली, तिथे तिला खायला काही मिळाले नाही आणि ती विझली. परवा गेलो तेव्हा जळालेल्या ओळींच्या जागी लावलेल्या रोपांना साडू मातीची भर घालत होते. उतार चढताना ते आता ताईंच्या खांद्यावर हात ठेवतात. आधार ताईंना हवा असतो, असे ते सांगतात. ताई पावले तेवढी त्यांच्या बेताने टाकतात.

हूडाचाही मान राहिला. घराजवळच्या सपाट जागेवर चार खांब रोवून साडूंनी ते वर बसवले, चारी कोपऱ्यांत पाणसळ लावून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत दोन दिवस खपून. मेहुणे आले की त्याखाली बसून सनई ऐकत. मागच्या वळवाच्या वाऱ्यात ते हूड उलटले.