सीतादहीचा कापूस

मायचा मला अजून राग येतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.

वणीच्या कॉलेजात मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. पोळ्याच्या सुमारास मायला झटका आला. नागपूरला नेऊन हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. एक गोळी वर्षभर, एकही दिवस न चुकवता घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्यावर तिनं विचारलं, ही गोळी करते काय? झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. जखम झाली की फुटलेल्या पेशींतून एडीपी नावाचं रसायन सांडतं. रक्तातल्या बिंबिकांच्या अंगावर ते ओळखणारे ग्राही असतात, त्यांचे कानच म्हण. हाक ऐकू आली की त्या धावतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. स्टेंटमध्ये तशा चिकटल्या तर नळीच बंद. म्हणून ही गोळी त्यांच्या कानात कापसाचा बोळा घालते.

"म्हंजे काही लागलं तं रक्त लवकर थांबनार नाही?"

"नाही थांबणार. पण तू जगशील."

तिनं पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

मारेगावजवळ आमचं वावर आहे. वेचणीच्या आधी तिथं सीतादही करतात. पाच खडे मांडायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि घरच्या बाईनं पहिला कापूस वेचायचा. त्याच्याच वाती वर्षभर देवापुढे लागतात. वाळल्या बोंडाची टोकं बोटं सोलून काढतात, आणि देवाच्या वातीला रक्ताचा डाग चालत नाही. मायनं अक्कल चालवली. आठ दिवस आधीच गोळी बंद केली आणि मला चकार शब्दानं सांगितलं नाही.

सीतादही होऊन तिसऱ्या दिवशी ती छाती धरून ओसरीत बसली. मी धावत आले. गोळ्यांची पाकिटं शोधली तर शेवटची दोन मिठाच्या बरणीमागे जशीच्या तशी.

"माय, गोळ्या काहून नाही घेतल्या?" मी ओरडलेच.

"वातीच्या कापसाले रक्त लागलं असतं, पोरी. बोटायच्या चिरा भरल्या का घेनारच होती मी. त्यायचे कान चार दिवस उघडे राह्यले तं काय बिघडते?"

कान! माझंच शहाणपण माझ्याच तोंडावर. गोळी चुकली तर मरशील, एवढंच सांगायला मला काय धाड भरली होती? आणि देवाला तरी कसली एवढी पांढऱ्या वातीची हौस?

नागपूरला नेताना गाडी वरोऱ्याच्या पुढे गेली आणि ती माझ्या मांडीवरच गेली.

तिच्या जागेवर दहा दिवस दिवा ठेवला. वाती मावशीनं वळल्या, त्याच कापसाच्या. मी एक वात उचलून उलगडून पाहिली, पार शेवटच्या धाग्यापर्यंत. कुठंही डाग नव्हता.