गेमसिंगची रुंद गाडी

महागावजवळच्या तांड्यावरच्या सक्रीबाईनं नवऱ्याचे नाना थेर पाहिले होते. पण गेमसिंगनं पिकअपच्या चाकांमागं स्पेसरच्या जाड चकत्या बसवून आणल्या, तेव्हा तिला हसूही आलं नाही. चाकं मडगार्डच्या बाहेर आली होती.

"गाडी कशी पयलवानावानी उभी हाये, पाय!" तो मिशी पिळत म्हणाला.

"फेंगडी दिसून राह्यली," ती म्हणाली. "डोकं रुंद करून भेटत असन, तर ते करून आना."

त्याच आठवड्यात पाऊस पडला आणि तो कापूस घेऊन बाजाराला निघाला. बाहेर आलेल्या चाकांनी वाटेतला चिखल थेट मालावर उडवला. व्यापाऱ्यानं कापसाला हातही लावला नाही. घरी येऊन गेमसिंग रस्त्याला शिव्या घालत बसला.

सक्रीबाई भांडली नाही. बरबटलेला कापूस निवडायला तिनं त्यालाच अंगणात बसवलं आणि उरलेला माल न्यायला शेजारच्या थावराची गाडी बोलावली. गाठोडी गेमसिंगलाच चढवावी लागली.

संध्याकाळी तो पाना घेऊन चकत्या काढायला चाकं खोलू लागला. एक नट काही केल्या निघेना, म्हणून त्यानं बायकोला हाक मारली. ती चुलीपुढून उठली नाही.