चढावर उतरलेला माणूस

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी हसायला नको. जत्रेतल्या पाळण्यात मी कधी बसले नाही. गॅस बंद केला की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून परत येते. आणि माझी गाठ पडली ती गुरुसिद्धप्पा नावाच्या माणसाशी. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, म्हणून ते मला बाई म्हणतात, तेही चिडवायला.

आप्पांनी सारी नोकरी धाराशिव आगारात एसटी चालवण्यात घालवली, पण जीव रेल्वेवर. फाटक बंद असलं की बाकीचे ड्रायव्हर वैतागायचे. हे खाली उतरून शेवटचा डबा जाईपर्यंत बघत राहायचे. फाटक उघडलं तरी हे तिथंच, मग कंडक्टरनं घंटी वाजवून बोलवायचं. एक गोष्ट मात्र परंड्यापासून येरमाळ्यापर्यंत कुणीही सांगेल. मागून पळत येणारा माणूस आरशात दिसला, की आप्पांनी कधी गाडी दामटली नाही. शिव्या घालायचे, पण थांबायचे.

त्यांची लाडकी गाडी म्हणजे बार्शीची छोटी लाईन. ती मोडून मोठी लाईन आली त्यालाही आता वर्षं लोटली. आमचं लग्न झालं तेव्हा ती अजून धावत होती. धावत होती म्हणायचं आपलं! येडशीकडच्या चढाला लागली की तिला धाप लागायची, आणि गडीमाणसं खुशाल खाली उतरायची. कुणी लघवीला, कुणी बिडी ओढायला. गाडीच्या कडेनं चालायचं, दिसली बोर तर चार बोरं तोडायची आणि शेवटच्या डब्याचा दांडा धरून परत वर. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले, तर त्या चढावर शेजारची जागा रिकामी. मी खिडकीचा गज धरून रडायच्या बेतात, आणि हे मागच्या दारातून रुमालभर बोरं घेऊन हजर.

"भ्यालीस व्हय बाई?"

त्या दिवशी जी धास्ती बसली, ती पुरती कधी गेलीच नाही.

दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या छातीत कळ आली. सोलापूरला नेलं, स्टेंट बसवला. पुन्हा दुखलं तर जिभेखाली ठेवायची म्हणून एक गोळी दिली आणि ती कायम खिशात पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं. आमची मुलगी शिवप्रिया इंग्लंडात नोकरीला आहे. तिच्या मनानं घेतलं, की आप्पांचे पाय चालतायत तोवर त्यांना तिकडच्या जुन्या गाड्या दाखवायच्या. डॉक्टरही चक्क हो म्हणाले. मी एकटीच नाही म्हणत होते, आणि माझं कोण ऐकतं?

भाड्यानं मोटार घेतली. शिवप्रिया चालवायची, आप्पा तिच्याशेजारी, मी मागं. या गावात इंजिनांचं संग्रहालय, त्या गावात समुद्राकाठची वाफेची गाडी, असं आठवडाभर चाललं होतं. रस्ते म्हणाल तर दोन्हीकडं दगडी भिंती आणि मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट. समोरून ट्रॅक्टर आला की पोरगी मोटार मागं मागं घ्यायची. आप्पा नसलेला ब्रेक दाबत ओरडायचे, "पोरी, वळणावर हॉर्न मार की!" मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून डोळे मिटून बसायची. संग्रहालयात एका काळ्या इंजिनावर हात ठेवण्याआधी त्यांनी बूट काढले. तिथला रखवालदार बघतच राहिला.

शेवटी वेल्सच्या डोंगरातली छोटी गाडी. आप्पांनी पावलानं दोन रुळांतलं अंतर मोजलं. डोळे भरले होते.

"आपलीच हाय गं बाई. तेवढीच."

डब्यांना दोन्ही टोकांना उघडे सज्जे आणि त्यांना कडीची फाटकं. ते बघूनच मी सांगितलं, मी काही यात बसणार नाही. मोटार तर पलीकडच्या स्टेशनात न्यायचीच होती. आप्पा म्हणाले, "तू जा पोरीसंगं. तू असलीस की मला उभंसुदिक राहू देत न्हाईस." ते शेवटच्या डब्यात चढले. मी खालून ओरडले, "कोट काढू नका. गोळी कोटात आहे." त्यांनी हात हलवला, पण तो मला की इंजिनाला, देव जाणे.

आम्ही आधी पोचलो. मग गाडी आली, माणसं उतरली, फोटो काढले, पांगली. आप्पा काही दिसेनात. मी शेवटच्या डब्यात डोकावले. बाकावर कोट होता. सज्ज्याच्या फाटकाची कडी निघालेली.

गार्ड म्हणजे पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. कडी बघून त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. त्या फोनवर भराभर बोलू लागल्या. शिवप्रिया रडत म्हणाली, "आई, आप्पा पडले असं म्हणतायत."

"त्यांना विचार, वाटेत चढ आहे का."

"आई, आत्ता हे काय—"

"विचार!"

होता. झाडीतला खडा चढ. तिथं इंजिन अगदी सावकाश चालतं, असं त्या म्हणाल्या.

"मग ते पडले नाहीत, उतरलेत."

चालत्या गाडीतून शहाणा माणूस आपणहून कशाला उतरेल, हे त्या गार्डबाईंना काही केल्या समजेना. शिवप्रियालाही समजेना. तिनं बार्शीची लाईन पाहिली ती अगदी लहानपणी. मला समजलं, पण समजून काय उपयोग? छातीत स्टेंट घातलेला म्हातारा, खडीवरून, चढाला, शेवटच्या डब्यामागं पळतोय, हेच डोळ्यांपुढं येत होतं. आणि त्याची गोळी कोटासकट माझ्या हातात होती.

इंजिनाला एक डबा जोडून रेल्वेचे लोक आल्या वाटेनं उलटे निघाले. सगळ्यांच्या आधी मी चढले आणि सज्ज्यात जाऊन उभी राहिले. प्रत्येक झाडाचा बुंधा आप्पांसारखा दिसत होता. रुळांकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि रुळांकडंच बघत होते. इतकी भीती मला माझ्या मरणाचीसुद्धा वाटणार नाही.

चढ संपतो त्या वळणाच्या अलीकडं ते दिसले. गवतात पाय पसरून बसलेले, एक हात छातीवर, तोंडाला राखेची कळा. गाडी पुरती थांबायच्या आत मी उडी मारली. गोळी जिभेखाली ठेवली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचा श्वास ऐकत मी बसून राहिले. मग हळूहळू ओठांना रंग आला.

दुसऱ्या हातात रुमाल होता. त्यात करवंदांसारखी काळी फळं, मुठीत दाबून चेंदामेंदा झालेली.

"हात केला गं," ते म्हणाले. "लई पळलो. न्हाय थांबली."

चार शिव्या हासडाव्यात असं मनात होतं. पण मी कोट त्यांच्या अंगावर पांघरला.

तिथल्या इस्पितळात दोन दिवस ठेवून घेतलं. हृदयाला काही झालं नव्हतं. आम्ही घरी आलो. पूर्वी आप्पा संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून धाराशिव स्टेशनला जायचे. आल्यापासून एकदाही गेले नाहीत. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला की उठून आतल्या खोलीत जायचे. शेजारचे म्हणाले, बरं झालं, म्हाताऱ्याचं खूळ उतरलं. मी जन्मभर त्या खुळाला भ्याले, पण या गप्प बसण्यानं माझी झोप उडाली.

शेवटी एके दिवशी मीच रिक्षा बोलावली. "चला," म्हटलं. ते नको नको म्हणत होते, तरी बसवलंच.

फलाटावर आम्ही बाकाजवळ उभे राहिलो. लांब रुळांवर इंजिनाचा दिवा दिसला. एरवी हे फलाटाच्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि मी सदऱ्याला धरून मागं ओढायची. आज ते आपणच एक पाऊल मागं सरले आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बाई, ही थांबती न्हवं?"

"थांबते हो," मी म्हणाले, आणि ती थांबेपर्यंत माझा श्वासही अडकून राहिला.