अर्धवट राहिलेला धवला

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. त्यामुळे हे लिहिताना भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय... आणि लाजेचं खरं कारण वेगळंच आहे.

उरणजवळ आमचं गाव. गेल्या मे महिन्यात बहिणीचं लग्न होतं. सकाळचे साडेदहा, घरासमोरच मांडव. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची बहीण, माझी आत्या, धवलारीण आहे — आम्हा आगरी लोकांत लग्नाचे विधी गाऊन करणारी बाई. धवल्यात ती देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलावते.

समोर माझे ऑफिसवाले बसलेले, कंटाळून मोबाइल बघत होते. मला आत्याच्या घोगऱ्या आवाजाची लाज वाटली. जवळ जाऊन म्हटलं, आवर आता.

“थोरा थांब बाला. तुजे बापसाला अजून बोलवाचा हाय.”

मी तिच्या हातातला माईक घेतला आणि त्यातच बोललो, “आत्याचा रेडिओ बंद... आता डीजे!” सगळे हसले. मीही हसलो. आत्या पदर तोंडाला लावून मांडवाच्या खांबाशी जाऊन बसली. डीजे लागला तरी माईक माझ्याच हातात होता, मधूनमधून मी त्यात काहीबाही बोलत होतो.

महिन्याभराने व्हिडिओ आला. दुपारी आई आणि मी टीव्हीवर लावला. डीजेचं गाणं चालू, खांबाशी आत्या, ओठ मिटलेले. आणि त्या गाण्याच्या खालून तिचाच आवाज यायला लागला... मी तोडलं होतं तिथून पुढे. पणजोबा, आजोबा, मग बाबांचं नाव — नामदेव.

“ओऽऽ...”

बाबा मिठागराच्या पलीकडच्या बांधावरून अशीच लांबवून ओ द्यायचे, आईने जेवायला हाक मारली की. आई उठून दारात जाऊन उभी राहिली. आणि त्या ओ-च्या पाठोपाठ माईकवर मी — “आता कसं मोकळं वाटतंय!” मग लोकांचं हसणं.

बाबा खरंच आले असतील, तर आल्या आल्या त्यांनी हे ऐकलं.

व्हिडिओवाल्याने सांगितलं, आवाज थेट मिक्सरमधून घेतलाय, आणि माईक एकच होता, तुमच्या हातात. त्याच्याकडच्या मूळ फाइलमध्येही तेच आहे. 

शेवटी तो व्हिडिओ मोबाइलवर घेऊन आत्याकडे गेलो. तिला विचारलं, तेव्हा तू गात होतीस का? म्हणाली, तोंड उघडलंच नाही, मनात मात्र धवला पुरा केला. मग भावाची ओ तिने पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. दर वेळी मागून माझं वाक्य येत होतं. चौथ्यांदा ते यायच्या आत मी बंद करायला बोट नेलं, तर तिने माझा हात धरला.

“असू दे. त्यो पन घरचाच आवाज हाय.”

मी माफी मागायला गेलो होतो. पाचव्यांदा मीच लावलं, आणि माझं वाक्य संपेपर्यंत चालू दिलं.