काळा स्कार्फ आणि आत्याबाईंचा सोफा

मस्तगडच्या आमच्या घरात बाहेरची खोली एकच, आणि तिच्यात मोठ्या वस्तू दोन: माझा हातमाग आणि आत्याबाईंचा सोफा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सोफ्यावरचं प्लास्टिक त्यांनी अजून काढलेलं नव्हतं. मागाला मात्र रोज नावं ठेवत. पाहुण्यांचे गुडघे त्याला लागत, चहाचा ट्रे डोक्यावरून न्यावा लागे. नाकापेक्षा मोती जड झाला होता, हे मलाही कळत होतं.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी निकाल दिला. "नव्या नवरीसाठी काहीतरी चांगलं विणून दाखव. न्हाई जमलं तर संक्रांत झाली की माग वाटूरला, शेतातल्या खोलीत." वाटूरला गेलेला माग म्हणजे बंद पडलेला माग. रोज तेवढ्या लांब कोण जाणार? मी घाबरले, आणि घाबरले की मी जरा जास्तच हुशारी करते.

माझ्याकडे जुन्या विलायती फॅशनचं एक पुस्तक आहे. त्यात एका बाईचा साधा काळा कोट आहे, गळ्याशी एक पांढरी रेघ. इतकंच, पण नजर हटत नाही. त्यावरून मी स्कार्फ विणला. सगळं काळं, दोन्ही काठांना एकेक पांढरी रेघ. धोटा इकडून तिकडे फेकताना मी चक्क गुणगुणत असे. कापड मागावरून उतरलं ते इतकं मऊ की मी स्वतःवरच खूश झाले.

हळदीच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर मी घडी उलगडली.

"लग्नाच्या आहेरात काळं?" आत्याबाई म्हणाल्या. "कोन्या शहाण्यानं सांगितलं तुला?"

शुभकार्यात काळं चालत नाही, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. फॅशनच्या नादात मी नेमकं तेवढंच विसरले. त्यांनी स्कार्फ कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

मग जावेची पहिली संक्रांत आली. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने. एरवी दूर ठेवलेला काळा रंग त्या दिवशी मानाचा. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या, दारातून गार वारा येत होता. आत्याबाई उठल्या, कपाट उघडलं आणि माझा स्कार्फ जावेच्या खांद्यावर घातला. हलव्याच्या पांढऱ्या हाराजवळ ती पांढरी रेघ अशी काही शोभली की बायका वाण विसरून कापड चाचपू लागल्या.

"कुठून आणला?" एकीनं विचारलं.

"आणला कशाला? घरातच विणून राह्यली सून माझी," आत्याबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना मागाभोवती उभं करून धोटा कसा चालतो ते समजावू लागल्या. निम्मं चूक सांगितलं. मला तेही गोडच वाटलं. इतका आनंद झाला होता.

पण टेम्पो नवऱ्यानं आधीच ठरवून ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. टेम्पोवाला मागाला हात घालणार, तेवढ्यात आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"ते न्हाई. सोफा न्या."

"मंग पाहुणे बसतील कुठं?" नवऱ्यानं विचारलं.

"सतरंजीवर. आता येतील ते माग बघायला येतील."

सोफा प्लास्टिकसकट वाटूरला गेला.